काल रात्री कोणाक हाडल्यानी गो?

आमच्या सिंधुदुर्गात एसटीत शेजारी बसलेलं माणूस पहिला प्रश्न विचारतं, "तू खंयची?" गाव सांगितलं की दुसरा प्रश्न, "कोणाची गो?" तिसऱ्या प्रश्नापर्यंत काहीतरी नातं निघतंच. कुणाची तरी मावशी आमच्या वाडीत दिलेली असते, नाहीतर कुणाचा चुलता माझ्या बाबांबरोबर मुंबईत गिरणीत असतो. याच मुलखात मी वाढले, याच मुलखात नर्सिंग शिकले आणि गेली काही वर्षं इथल्याच एका रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून काम करते. माझ्या वॉर्डात येणारं निम्मं माणूस माझ्या ओळखीचं असतं आणि उरलेल्या निम्म्याला माझं घर ठाऊक असतं. मुंबई-पुण्याच्या मैत्रिणींना यातली अडचण चटकन कळत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी जीएनएमला, म्हणजे नर्सिंग आणि सुईणकामाच्या पदविकेला, गेले तेव्हा तो कोर्स इंटर्नशिप धरून साडेतीन वर्षांचा होता, आता तीन वर्षांचा झालाय. आत्या म्हणाली, "दुसऱ्याची घाण काढूक जातलंस?" मला उत्तर सुचलं नाही. पहिले काही महिने तर घाण काढायलाही कुणी दिली नाही. डेमो रूममध्ये एक प्लास्टिकचा डमी होता, त्याच्याखालची चादर घालायची आणि काढायची. कोपरा पंचेचाळीस अंशात दुमडायचा, चादर ताणून गादीखाली खोचायची, तळहात फिरवून सुरकुती राहिली का बघायची. ट्यूटर बोट लावून बघत आणि एक घडी सापडली तरी सगळी चादर ओढून टाकत. चादरीसाठी एवढा छळ कशाला, असं मला वाटायचं. मग पहिल्या पोस्टिंगला वॉर्डात एक आजोबा पाहिले. अर्धांगाने घरी तीन महिने पडून होते. मुलगा-सून जीव लावून करत होती, पण दर दोन तासांनी कूस बदलायची हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. माकडहाडावर तळहाताएवढी जखम, म्हणजे बेडसोअर, झाली होती, आत हाड दिसत होतं. त्या दिवसापासून मला चादरीची सुरकुती दिसते. पाहुण्यांच्या घरी गेले तरी दिसते.

ट्यूटरनी तेव्हाच आम्हाला अरुणा शानबाग यांच्याबद्दल सांगितलं. कारवारच्या पट्ट्यातल्या हळदीपूरची मुलगी, मुंबईच्या केईएममध्ये परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ च्या रात्री त्याच रुग्णालयात त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ ला त्या गेल्या, तोवर जवळजवळ बेचाळीस वर्षं तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इच्छामरणाबद्दलच्या निकालात या परिचारिकांचं कौतुक केलं. आम्ही मुली हल्ल्याबद्दलच विचारत होतो. ट्यूटर म्हणाल्या, "ते वर्तमानपत्रात वाचा. मी सांगते ते ऐका. इतकी वर्षं अंथरुणावर, आणि पाठीवर बेडसोअर नाही. म्हणजे किती जणींनी किती वेळा कूस बदलली असेल, हिशोब करा." मी वहीत खरंच गुणाकार मांडला होता. दर दोन तासांनी एकदा धरलं तरी आकडा पावणेदोन लाखांच्या पुढे जातो.

सहा महिन्यांनी शपथविधी झाला. हातात दिवा, अंगावर नवा गणवेश, समोर आई-बाबा. शपथ फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाची असली तरी ती तिने लिहिलेली नाही. १८९३ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका नर्सिंग स्कूलसाठी लिस्ट्रा ग्रेटर आणि त्यांच्या समितीने ती तयार केली. तिच्यात एक वाक्य आहे, त्याचा अर्थ असा: माझ्या हाती सोपवलेल्या खासगी गोष्टी आणि कामाच्या ओघात मला कळलेल्या घराघरांतल्या गोष्टी मी माझ्यापाशीच ठेवीन. मी ते सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हटलं. घराघरांतल्या गोष्टी म्हणजे काय ते तेव्हा कळलं नव्हतं.

त्याआधी एक वेगळीच गोष्ट शिकावी लागली, आणि ती लाज वाटून शिकले.

सकाळच्या पाळीला विद्यार्थिनींनी प्रत्येक पेशंटचं तापमान, नाडी आणि श्वास मोजून तक्त्यावर लिहायचा. ताप थर्मामीटर सांगतो. नाडी मनगट धरून मोजावीच लागते, कारण पेशंट बघत असतो. श्वास मोजताना मात्र पेशंटला कळू द्यायचं नसतं, कारण कळलं की श्वास बदलतो. म्हणून नाडीचा हात धरूनच छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजायचं. तीस पेशंट म्हणजे तीस मिनिटं नुसती श्वासाची. आम्ही काय करायचो? सगळ्यांच्या रकान्यात २०. आधीच्या बॅचनेही तेच केलेलं, तक्ते बघून आम्ही तेच उचललं. एकदा ट्यूटरनी माझा तक्ता हातात घेतला, काही बोलल्या नाहीत, मला एका खाटेपाशी नेलं आणि घड्याळ माझ्यासमोर धरलं. "मोज." मुणगे गावचे एक काका, दोन दिवस ताप. मी मोजला. चौतीस. नाकपुड्या फुलत होत्या, गळ्याच्या खालची खळी आत ओढली जात होती. हे सगळं माझ्यासमोर होतं आणि मी वीस लिहिलं होतं. दुपारी एक्स-रेमध्ये न्यूमोनिया निघाला.

ट्यूटर एवढंच म्हणाल्या, "डॉक्टर राउंडला दहा मिनिटं असतात. बाकीचा दिवस तू. तू खोटं लिहिलंस तर त्यांचे डोळे बांधलेस."

आणि मग त्यांनी महाडचं उदाहरण दिलं. रायगड जिल्ह्यातल्या त्या भागात लाल विंचवाच्या दंशाने माणसं, विशेषतः मुलं दगावायची. डॉ. हिंमतराव बावस्कर तिथे सरकारी नोकरीत होते. मोठं यंत्र नाही, सोय नाही, पण पेशंटच्या उशाशी बसून त्यांनी घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, नाडी, रक्तदाब हे सगळं टिपून ठेवलं. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. विंचवाच्या विषाने हृदय आणि फुफ्फुसं कशी बिघडतात हे त्यातून कळत गेलं आणि पुढे प्राझोसिनच्या साध्या गोळ्यांनी असंख्य जीव वाचले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. मी डॉक्टर नाही, संशोधनही करत नाही. पण खाटेपाशी बसून खरं लिहिलेलं कागदावर राहिलं की त्याचं काय होऊ शकतं, ते आमच्याच कोकणात झालंय. त्या दिवसानंतर मी न मोजता एकही आकडा लिहिलेला नाही. वेळ झाला नसेल तर रकाना मोकळा सोडते आणि पाळी बदलताना हँडओव्हरमध्ये तसं सांगते.

आता इन्सुलिनचं सांगते. हे मी आजवर फारशा कुणाला सांगितलेलं नाही.

इंटर्नशिपचे शेवटचे महिने होते. संध्याकाळची पाळी. स्त्री-वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर दोन आजी होत्या. दोघींचं आडनाव गावडे. पहिलं नावही एकच. आमच्याकडे यात नवल काही नाही, एकेका गावात निम्मी घरं एकाच आडनावाची असतात. एक आजी मधुमेहाच्या, रात्रीच्या जेवणाआधी त्यांना आठ युनिट साधं इन्सुलिन होतं. दुसऱ्या दम्याच्या. दुपारी दम्याच्या आजींनी पंख्याखाली धाप लागते म्हणून मधुमेहाच्या आजींशी खाट बदलून घेतली. दोघी खूश. खाटेवरची चिठ्ठी बदलायची कुणाला आठवण झाली नाही.

मी ट्रे घेऊन गेले. औषध वाचलं, डोस वाचला. मिलिलिटरला चाळीस युनिट असलेल्या इन्सुलिनला लाल टोपणाची सिरिंज लागते, शंभरच्या बाटलीला नारिंगी. ते तपासलं, शेजारच्या सिस्टरला दाखवलं. सगळं बरोबर. मग खाटेपाशी जाऊन विचारलं, "गावडे आजी ना?"

"होय गो बाय."

आणि सुई दिली. बरोबर माणूस, बरोबर औषध, बरोबर मात्रा, बरोबर मार्ग, बरोबर वेळ. हे पाच मुद्दे मी परीक्षेत किती वेळा लिहिले असतील. पहिलाच मुद्दा माझ्या प्रश्नाने मारला. "गावडे आजी ना?" या प्रश्नाला वॉर्डातल्या चार बायका "होय" म्हणाल्या असत्या. आणि म्हातारं माणूस पांढऱ्या गणवेशासमोर तसंही होयच म्हणतं.

पंधरा मिनिटांनी पुढच्या खाटेवरून आवाज आला, "माका आज सुई नाय?"

माझ्या हातातलं थर्मामीटर खाली पडलं नाही की काही नाही. फक्त कानात एकदम पाणी भरल्यासारखं झालं. वॉर्डात एक सीनियर होत्या, त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "साखरपाणी पाज, जेवायला बसव आणि गप्प राहा. तुझं अजून रजिस्ट्रेशन व्हायचंय." त्यांना वाईट म्हणायचं नाही मला. त्यांच्या विद्यार्थीदशेत चूक कबूल केलेल्या मुलीचं काय झालं होतं ते त्यांनी पाहिलं असणार. चूक सांगणाऱ्याला शिक्षा आणि लपवणाऱ्याला अभय, अशी पद्धत जिथे असते तिथे माणसं असंच शिकतात, आणि त्याची किंमत पेशंट मोजतो. याची मला आजही चीड येते.

इन्चार्ज सिस्टर त्या दिवशी औषधांच्या मागणीचे कागद लिहीत उशिरापर्यंत थांबल्या होत्या. मी त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी "कसं काय दिलंस" असं विचारलं नाही. पहिला प्रश्न, "किती वाजता?" दुसरा, "किती युनिट?" तोवर त्या उठून चालायला लागल्या होत्या. बोटाला सुई टोचून साखर बघितली, ९६. आजींना लगेच जेवायला बसवलं. डॉक्टरांना फोन. अर्ध्या तासाने ७१, कपाळाला घाम, "माका घेरी येता." डॉक्टरांनी शिरेतून पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज द्यायला सांगितलं. साध्या इन्सुलिनचा अंमल सहा ते आठ तास राहतो, म्हणजे पहाटेपर्यंत सोडायचं नव्हतं. माझी पाळी संपली. मी घरी गेले नाही. दर अर्ध्या तासाने, मग तासाने साखर बघत त्या खाटेपाशी बसले.

नऊच्या सुमाराला आजी सावरल्या. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "आता त्यांना सांगायचं. तू सांग, मी शेजारी उभी राहते."

मला वाटलं होतं, डॉक्टरांना सांगितलं, फॉर्म भरला, संपलं. पेशंटला सांगायचं? त्यांना तर काही कळलेलंही नाही! सिस्टर म्हणाल्या, "अंग त्यांचं आहे ना?" मी आजींच्या पायांशी बसून सांगितलं, तुमच्या शेजारच्या आजींची सुई मी चुकून तुम्हाला दिली, त्याने साखर उतरली, म्हणून घेरी आली, आता धोका नाही, पण रात्रभर बघत राहणार. बोलता बोलता मला रडू फुटलं. आजी जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी मेलंय नाय मा? मगे रडतंस कित्याक?" आणि थोड्या वेळाने, कूस बदलताना, "पुढच्या टायमाक नाव इचारून सुई मार."

सकाळी त्यांच्या मुलालाही सांगितलं. तो चिडला, त्याचा हक्कच होता. इन्चार्ज सिस्टरनी ऐकून घेतलं. घटनेच्या अहवालात त्यांनी माझी चूक लिहिली आणि त्याखाली स्वतःच्या हाताने लिहिलं की खाटा बदलल्याची नोंद वॉर्डने घेतली नव्हती आणि वॉर्डची जबाबदारी त्यांची आहे. त्या आठवड्यापासून आमच्या वॉर्डात प्रत्येक पेशंटच्या मनगटाला चिकटपट्टीवर पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक लिहून लावायला सुरुवात झाली. साधी पट्टी, बॉलपेनने लिहिलेली. आणि विचारायचं कसं, तर "तुमचं पूर्ण नाव सांगा." होय-नाही उत्तर येईल असा प्रश्न विचारायचाच नाही. मी आजही रोज ओळखीच्या माणसाला, अगदी माझ्या शाळेच्या बाईंनाही, पूर्ण नाव विचारते. बाई म्हणाल्या, "अगो, मला ओळखलं नाहीस?" म्हटलं, "ओळखलं बाई, तरी सांगा."

चूक लिहिताना आणखी एक नियम पाळायचा. चुकीच्या शब्दावर एक सरळ रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही. व्हाइटनर नाही, खाडाखोड नाही, आणि दिलं नसताना "दिलं" असं आधीच लिहून ठेवणं तर नाहीच. गर्दीत हा मोह फार होतो. रात्रीच्या पाळीला एका वॉर्डात एकटी सिस्टर आणि चाळीस पेशंट असले की आधीच टिकच्या खुणा करून ठेवाव्याशा वाटतात. यावर नुसती शपथ पुरत नाही, माणसं पुरवावी लागतात. हे मी प्रत्येक बैठकीत बोलते आणि बोलत राहणार.

कोकणात नर्स झालात की एक रात्र कधी ना कधी येतेच, ती म्हणजे फुरशाची. जांभ्याच्या सड्यावर, गवतात, रचलेल्या दगडांत फुरसं असतं, हाताच्या लांबीचं, आणि पाय पडला की सोडत नाही. भातकापणीच्या दिवसांत एका बाईंना आणलं. पायाला करकचून दोरी बांधलेली, आधी गावठी उपचाराला नेऊन आणल्यामुळे दोन तास गेलेले. फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. ते बघायची चाचणी खाटेपाशीच करतात आणि ती बहुधा आमच्याच हातात असते. दोन मिलिलिटर ताजं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घ्यायचं. नळी साबणाने धुतलेली चालत नाही, प्लास्टिकची चालत नाही, नाहीतर निकाल खोटा येतो. नळी स्टँडला उभी करायची आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही. हलवायची नाही, उचलून बघायची नाही. वीस मिनिटं झाली की एकदाच वाकडी करायची.

त्या वीस मिनिटांत बाईंचा भाऊ माझ्या डोक्याशी उभा. "इंजेक्शन का देत नाही? बसून काय राहिलात?" मी त्याला नळी दाखवली आणि समजावलं, हे रक्त गोठलं तर विषाने अजून रक्त बिघडलेलं नाही, पाण्यासारखं वाहिलं तर औषध लगेच सुरू. आम्ही बसून राहिलेलो नाही, आम्ही बघतोय. तो मग माझ्याबरोबर घड्याळाकडे बघायला लागला. सतराव्या मिनिटाला म्हणाला, "अजून तीन." वीस झाली, नळी वाकडी केली, रक्त तांबड्या पाण्यासारखं काचेवरून सरकलं. डॉक्टर दारातच होते. सर्पविषाच्या प्रतिविषाच्या दहा बाटल्या सलाईनमधून चढवायला घेतल्या, शेजारी ॲड्रेनॅलिन भरून ठेवलं, कारण या औषधाचीच कधी कधी जोराची रिॲक्शन येते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारींना मिळून एकच औषध. सहा तासांनी पुन्हा नळी. या वेळी रक्त गोळा होऊन नळीच्या बुडाशी घट्ट बसलं होतं. तो गोळा मी भावाला दाखवला. त्याने नळीलाच हात जोडले.

नातेवाइकाला समजावणं हे औषध देण्याइतकंच काम आहे, त्यात वेळ वाया जात नाही. पावसाळ्यात भाताच्या चिखलात अनवाणी उतरणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसबद्दल सांगणं, दोडामार्गकडच्या काजूवाल्यांना माकडतापाबद्दल सांगणं, हेही तेच. आमच्या एएनएम आणि आशाताई ते उन्हातान्हात घरोघर जाऊन करतात. त्यांच्याबद्दल कुणीतरी वेगळं लिहायला हवं.

आता घराघरांतल्या गोष्टी.

नोकरी लागून वर्ष झालं असेल. बाह्यरुग्ण विभागात ड्युटी होती. आमच्या बाजूच्या वाडीतली एक मुलगी बाकावर बसलेली दिसली. तिने मला पाहिलं आणि ओढणी तोंडावर ओढून भिंतीकडे वळली. ती कशासाठी आली होती ते मी इथेही लिहिणार नाही. तिचं वय, वाडी, वर्ष हे सगळं मी बदललेलं आहे. सांगायचंय ते एवढंच की तिच्या चेहऱ्यावरची भीती आजाराची नव्हती. माझी होती. मी कोणाची मुलगी आहे, माझी आत्या रोज संध्याकाळी कुणाच्या पडवीत बसते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मी तिच्या शेजारी जाऊन बसले. हळूच म्हटलं, "इथलं इथेच राहील. घरी मी तुला पाहिलंच नाही. रस्त्यात भेटलीस तर तू बोललीस तरच मी बोलेन." मग तिला आत नेलं, पडदा ओढला, केसपेपर पालथा ठेवला आणि नाव मोठ्याने न पुकारता आत बोलवायला डॉक्टरांना सांगितलं.

संध्याकाळी घरी पोचले तर आत्या उंबऱ्यावरच. कुणीतरी त्या मुलीला एसटीतून उतरताना पाहिलं होतं. "तिका काय झाला गो? तू थंयच होतंस मा?" मी म्हटलं, "आत्या, रुग्णालयात कोण येतं ते मी सांगत नाही." "माका सांगूक काय झाला? मी काय परकी?" पुन्हा तेच म्हटलं. आत्या आठ दिवस बोलली नाही. वाडीत झालं, शिकान शिष्ट झाला चेडू. आईलाही वाईट वाटलं, कारण आमच्याकडे बातमी सांगणं ही आपुलकी समजतात. कोण आजारी आहे हे कळलं की माणसं पेज घेऊन जातात, शेतावर मदतीला जातात. ते खोटं नाही, त्या आपुलकीवर मीही वाढलेय. पण कुणाला पेज हवी आणि कुणाला एकांत हवा, हे ठरवायचा हक्क आजारी माणसाचा. माझा नाही, आत्याचाही नाही.

कायदाही हेच सांगतो. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने बाईचं नाव-गाव उघड करण्याला स्पष्ट बंदी आहे आणि अठरा वर्षांवरच्या बाईला फक्त स्वतःची संमती लागते, नवऱ्याची किंवा सासूची नाही. एचआयव्हीबद्दल २०१७ चा कायदा आहे. मुंबईहून गावी परतलेल्या एका चाकरमान्याच्या फाईलवर पूर्वी लाल पेनने मोठी खूण केलेली मी स्वतः पाहिली आहे, पार दारातून दिसेल अशी. सगळ्या पेशंटना सारखीच काळजी घेऊन हातमोजे घालायचे असतात, मग ती खूण कशाला हवी होती? ती मी खोडायला गेले तेव्हा वॉर्डबॉयही म्हणाला, "सिस्टर, सगळ्यांना माहीतच आहे." म्हणून तर खोडायची.

गप्प राहण्यालाही सीमा आहे, हे मला नंतर समजलं. एका लहान मुलीच्या अंगावरच्या खुणा बघून मला संशय आला. आजीने हात जोडून विनवलं, "बाय, कोणाक सांगा नको, घराची अब्रू जायत." त्या आजीत मला माझीच आजी दिसत होती. पण मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराबद्दल २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, आणि कायदा नसता तरी ते मूल पुन्हा त्याच घरात जाणार होतं. डॉक्टरांना सांगितलं, पुढची कारवाई झाली. आजी मला अजूनही रस्त्यात दिसली की तोंड फिरवते. मी पुन्हा तेच करीन.

बाकावरची ती मुलगी पुढे गणपतीत भेटली. आमच्या घरी आरतीला आली होती, सासरच्या माणसांबरोबर. मी ठरल्याप्रमाणे बघितलं न बघितलं केलं. ताट फिरवत ती माझ्यापाशी आली, पंचखाद्य हातावर ठेवलं आणि म्हणाली, "ओळखलंस मा?" मी म्हटलं, "तुझ्या लग्नाचे लाडू खाल्लेत की." ती हसली आणि पुढे गेली.

परवा रात्रपाळी संपवून सकाळच्या एसटीने घरी निघाले होते. रात्रभर पाऊस कोसळत होता, तीनच्या सुमाराला रुग्णवाहिका आली होती आणि पहाटेपर्यंत आम्ही कुणी बसलो नव्हतो. डोळे मिटत होते. पुढच्या थांब्यावर आमच्या गावची एक काकी चढली, भिजलेलं इरलं दाराशी झटकलं आणि माझ्या शेजारी येऊन बसली. गाडी सुरू व्हायच्या आत विचारलं,

"काल रात्री कोणाक हाडल्यानी गो? गाडी वाजत गेली ती."

"काकी, पावस काय पडलो मा रात्री! तुमचो तरवो ऱ्हवलो मा?"

काकीने माझ्याकडे जरा रोखून बघितलं. मग खिडकीची काच खाली केली आणि भाताच्या तरव्याचं, रोपांचं सांगायला लागली. नदीकडचा कोपरा सगळा वाहून गेला होता.